तिसऱ्या गाण्यातली आरोळी

चमचा जवळ नेला की रीटा ओठ घट्ट मिटून घेई. कीथ स्टॅदर्सने पुन्हा एकदा चमचा वाटीत ठेवला.

"रेकॉर्ड लावून पाहिलीत?" डॉनने विचारलं. वृद्धाश्रमात रीटाचं सगळं तीच बघायची.

"झिजली. सुई नेमकी तिथेच उडी मारते."

"मग आज पोटात काही जाणार नाही. कीथ, डॉक्टर आता नळी घालायची म्हणतायत."

रीटा दोन वर्षांपासून कुणालाच ओळखत नव्हती. नवऱ्याला, कीथलाही नाही. तिला जागं करणारी एकच गोष्ट उरली होती: 'कोल बार्ज' या बँडची, त्यांच्या हल शहरातल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड. तिसऱ्या गाण्यात गिटार एकदम थांबायची, आणि त्या शांततेत एका पोरीची आरोळी उठायची, "रडव रे, रडव तिला!" त्या आरोळीला अगदी खेटून एका तरुणाचं मोकळं, खर्जातलं हसू. मग गिटार खरोखरच रडायला लागायची.

तिथे रीटा मान वर करायची. आरोळीवर नाही, त्यानंतर क्षणभराने, हसण्यावर. मग ती हसायची आणि भरवलेलं खायची.

"स्वतःच्या आवाजावर हलत नाही बघ," कीथ डॉनला सांगायचा. "माझ्या हसण्यावर हलते."

हसली की ती हातही पुढे करायची. कीथ आपला उजवा हात तिच्या हातात द्यायचा. ती बोटं चाचपायची, तुटक्या बोटांच्या दोन खुंटांपाशी यायची आणि हात सोडून द्यायची. जुनं आठवतं, अपघात आठवत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

ती बोटं त्या कार्यक्रमाच्याच वर्षी गेली होती. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात बेअर बेटाजवळ मासेमारीच्या बोटीवर दोरखंड गुंडाळणाऱ्या चाकात त्याचा हात सापडला. महिनाभर तो नॉर्वेत ट्रॉम्सोच्या इस्पितळात पडून होता. घरी आला आणि मार्चमध्ये रीटा त्याला ओढतच कार्यक्रमाला घेऊन गेली. पहिल्याच ठोक्याला बरगड्या हलल्या. पायाखाली बोटीचं इंजिन सुरू व्हावं तसं. त्या थंडीत पहिल्यांदा त्याला आपण जिवंत आहोत असं वाटलं. रीटा ओरडली. हाताला पट्टी होती, टाळ्या वाजवता येईनात, म्हणून तो नुसता हसत सुटला.

मग रेकॉर्ड बाजारात आली. "अगं, ही तू! आणि हा मी!" तो नाचायचाच बाकी होता. रीटाने ते ऐकलं आणि चहाचं आधण ठेवायला आत निघून गेली.

"तुझी बायको सोन्यासारखी," कीथची आई म्हणायची. हेसल रोडवरच्या कोळीवस्तीतल्या बायका नवरा निघायच्या दिवशी कपडे धूत नसत; धुतले तर तो वाहून जातो म्हणत. रीटाचं त्याच्याही पुढे. "तू पाण्यावर असताना मी गाणी ऐकायला जाऊ? जीभ झडेल माझी."

रेकॉर्डची दुसरी चांगली प्रत कुठे मिळेना. शेवटी कीथने ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसाचा पत्ता काढला. नेव्हिल ऑर्मंड, वय ऐंशीच्या पुढे, मूळ फिती अजून सांभाळून होता. फोनवर हकिगत ऐकून म्हातारा गहिवरला. "प्रत पाठवत नाही," तो म्हणाला. "मी स्वतः घेऊन येतो."

मंगळवारी दुपारी तो सीडी घेऊन हजर झाला. डॉनने दार लावून घेतलं. वाटीत वाटाण्याचं सूप होतं. बोटं गेल्यापासून कीथ चमचा डाव्या हातात धरायचा.

तिसरं गाणं आलं. गिटार थांबली. आरोळी उठली, काल मारल्यासारखी स्वच्छ. मग हसू.

रीटाने मान वर केली. तिचा चेहरा उजळला, तोंड उघडलं. एक चमचा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

"बाई गं, खातेय की!" डॉनने डोळे पुसले. "नेव्हिल, तुम्ही डॉक्टरांच्या तोंडात मारलीत."

नेव्हिलने नाक शिंकरलं. "मला पुन्हा ऐकायचंय," तो म्हणाला. त्याने तो तुकडा मागे नेऊन लावला आणि ऐकताना खुदकन हसला. "आता एक गंमत सांगू? कुणाला सांगितली नाही आजवर. बँडमधला एकही हयात नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही."

"सांगा की," डॉन म्हणाली.

"गाणी हलची आहेत, पण लोक हलचे नाहीत. त्या रात्री प्रेक्षकांवर लावलेले आमचे माइक बंद पडले. कंपनीला तर गर्दी हवी. मग मी याच बँडच्या शेफील्ड शहरातल्या कार्यक्रमातले गर्दीचे आवाज उचलले आणि इथे चिकटवले. सगळ्या आरोळ्या, सगळ्या टाळ्या तिथल्या. तेव्हा सर्रास चालायचं असं."

"म्हणजे ही आरोळी रीटाची नाही?" डॉनने घाबरून कीथकडे पाहिलं.

"तिचीच आहे," कीथ म्हणाला. "तिचा आवाज मला कळतो."

"असणारच!" नेव्हिलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे तुम्ही दोघं शेफील्डलाही आला होता तर! हलच्या दोन महिने आधी, जानेवारीतल्या त्या बर्फात! वेडे रे वेडे. आठवतं ना?"

सीडी चालूच होती. रीटाने हसत हात पुढे केला.

"आठवतं," कीथ म्हणाला. त्याने चमचा खाली ठेवला आणि या वेळी तिच्या हातात डावा हात दिला, पाचही बोटं शाबूत असलेला. रीटाने तो सोडला नाही.