वांगी रंगाचा थेंब

दिवा लागला तेव्हा हातपंपावरचा काटा नऊवर होता.

"सहावर लागायला हवा होता ना?" वहिनीने विचारलं.

नणंदेने हातपंपातली हवा सोडली आणि पुन्हा भरायला घेतली. काटा सहावरून गेला, सातावरून गेला, आठावरून गेला. दिवा आपला गप्प. नऊला लागला.

"मागच्या शर्यतीआधी हा स्विच तुम्हीच लावला होतात, वन्सं."

'वन्सं' आणि वर 'तुम्ही', म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी दोघींचं 'अगं ए'वर भागायचं.

"मीच लावला होता," नणंद म्हणाली. "सहावर."

बाटलीच्या बुचाएवढा पितळी स्विच टेबलावर पडला होता. एका बाजूने पंपाची नळी, दुसऱ्या बाजूने बॅटरी आणि दिव्याच्या वायरी. दादाची गाडी पलीकडे बॉनेट उघडं टाकून उभी होती. बुटकी, दोनच माणसांची, सुपरचार्जरवाली. सुपरचार्जर इंजिनात जोराने हवा कोंबतो. हवेचा दाब सहावर गेला की हा स्विच पेट्रोलचा दुसरा पंप चालू करतो. उशीर झाला तर हवा भरपूर, पेट्रोल अपुरं, आणि आतला पिस्टन तापून वितळतो. मागच्या वेळी वितळला. घाटातल्या भर वळणावर इंजिन जाम झालं, गाडी गरकन फिरून कठड्यावर गेली आणि दादा हात गळ्यात बांधून घरी आला. स्विच आपोआप सरकला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते ऐकून नणंदेकडे पाहिलं.

आता हातही बरा झाला होता आणि गाडीही. दुपारी पुन्हा शर्यत होती.

"सहाचे नऊ आपोआप होतात?" वहिनीने विचारलं.

नणंदेने भिंग तिच्याकडे सरकवलं. "तूच बघ."

स्विचच्या मधोमध बारीकसा स्क्रू होता. त्याची खाच एका कडेला कुरतडल्यासारखी झाली होती. नणंदेने आपला स्क्रूड्रायव्हर त्यात बसवून दाखवला. चपखल बसला. त्याचं हे काम नव्हतं.

वहिनी बराच वेळ भिंगातून पाहत राहिली.

"चाकू," ती म्हणाली.

नणंदेने स्क्रूड्रायव्हर पुसायला घेतला. कसाही असला तरी भाऊ होता.

"त्याच्या किल्ल्यांना असतो तो. मीच दिलाय वाढदिवसाला. टोक वाकलंय त्याचं. डबा उघडताना वाकलं म्हणाला." तिने भिंग खाली ठेवलं. "जेवायला बसला तरी समोरचा डबा स्वतः उघडत नाही हा माणूस."

"स्क्रू आवळला की पेट्रोल उशिरा येतं. तेवढ्यापुरती गाडी चवताळून पळते. मोह होतो गं."

"तीनवर लाव. जाऊ दे हळू. पोचेल संध्याकाळपर्यंत."

'तुम्ही' गेलं होतं.

"तीनवर लावला तर नको तेव्हा पेट्रोल येईल. वळणातून निघताना गाडीला ठसका लागेल. पुढे कठडा आहेच."

"मग साडेपाच."

"भाजी घेतेयस का, वहिनी? सहा."

वहिनी हसली नाही, पण बाह्या वर सारल्या. "पंप मी मारते. तू फिरव. मला माझ्या डोळ्यांनी दिसू दे."

पहिल्या झटक्यालाच तिने काटा पार पलीकडे नेला.

"सावकाश. त्याला धाप लागेल."

नणंदेने स्क्रू सैल केला. दिवा आठावर लागला. आणखी थोडा. सात. आणखी किंचित, आणि साडेपाच.

"घे, तुझे साडेपाच."

"नको," वहिनी म्हणाली. "सहा म्हणालीस ना? सहाच कर."

नणंदेने स्क्रू केसभर मागे आणला. सहा. हवा सोडली, भरली. पुन्हा सहा. वहिनीने न सांगता आणखी एकदा पंप मारला. सहाच.

"आता त्यावर रंगाचा थेंब. स्क्रू कुणी हलवला तर चिरतो." नणंदेने रंगाची डबी उघडली. आतला रंग दगड झाला होता. "मागच्या वेळी लावलाच नव्हता. म्हटलं, दादाच तर आहे."

वहिनीने पर्समधून नखांना लावायच्या रंगाची बाटली काढली. ताज्या वांग्याचा रंग. थोडा स्क्रूवर, थोडा पितळेवर, असा टपोरा थेंब तिने स्वतः लावला आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. मग नणंदेने स्विच गाडीत बसवला. वहिनी स्टुलावर बसून नखं रंगवू लागली.

दादा नवे हातमोजे घालूनच आला.

"झालं का? एकदा नजर टाकतो."

किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला, चाकू उघडला, आणि तो बॉनेटखाली वाकला. वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याने आधी बहिणीकडे पाहिलं. ती हात पुसत होती. मग बायकोच्या नखांकडे.

"चांगला रंग आहे," तो म्हणाला.

"पक्का आहे. चिरला की लगेच दिसतो. मी वर शेवटच्या वळणापाशीच थांबणार आहे. तू पोचलास की बॉनेट मी उघडणार."

दादाने घसा खाकरला. "कितीवर लावलाय?"

"सहा," दोघी म्हणाल्या.

त्याने चाकू मिटायला घेतला. वाकडं टोक आत जाईना. अंगठ्याने दाबून त्याने तो कसाबसा मिटला, मग जुडग्यातून सोडवला आणि बायकोपुढे धरला.

वहिनीने हात पुढे केला. नखं अजून ओली होती. बोटं फाकवून, मूठ न मिटता, तिने चाकू तळहातावर घेतला.