जाळी विरेपर्यंत

अप्पांच्या हृदयाच्या धमनीतली पॉलिमरची जाळी आज संध्याकाळपर्यंत पुरती विरून जाणार होती. जाळी त्यांच्या लेकीने, विभावरीनेच घडवली होती, त्यामुळे तिची खोडही विभावरीला ठाऊक होती. विरता विरता ती सायीसारखी मऊ पडायची, आणि अशा वेळी रक्तदाब उसळला तर जागच्या जागी मिटून धमनी बंद करायची. जाळी विरेपर्यंत मन शांत ठेवा, असं तिने अप्पांना बजावलंही होतं.

म्हणून तर मिरजेचे तात्याकाका, अप्पांचे सख्खे भाऊ, गेल्याची बातमी तिने चार दिवस दाबून ठेवली होती. चार दिवस तिची नजर मनगटावरच्या पडद्यावर, अप्पांच्या रक्तदाबाच्या रेघेवर खिळलेली होती.

आताही ती रेघच बघत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मिरजेहून चुलतभाऊ होता. तिने घाईने तो बंद केला.

"कुणाचा गं?" अप्पांनी विचारलं.

"ऑफिसचा."

रेघ जागची हलली नाही. नजर चुकवायला ती देवघराकडे वळली आणि थबकली. देवांवरची फुलं पार सुकली होती. सहाणेवरचं गंध वाळून तडकलं होतं. पूजेशिवाय चहासुद्धा न घेणाऱ्या अप्पांचं कपाळ कोरं होतं.

"अप्पा, पूजा?"

"सुतकात देवाला शिवत नाहीत, बाळ," अप्पा डोळे मिटून, सावकाश श्वास घेत म्हणाले. "शेजारच्या जोगांनी त्याच दिवशी सांगितलं. तुझी जाळी विरली की सांग. मग रडतो."