न आलेला माणूस

काकूंनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. समोरची खुर्ची रिकामीच होती.

शाळेत गणित शिकवणं सोडून त्यांनी समुपदेशनाच्या एम.ए.ला नाव घातलं होतं. वर्गातली सगळी मुलं त्यांच्या लेकीच्या वयाची, म्हणून त्या काकू. शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या केंद्रात खरी माणसं भेटायला यायची. काकूंच्या वाट्याला आलेला पहिलाच माणूस बसचा ड्रायव्हर होता. त्याच्या बसखाली एक सायकलवाला आला होता. चौकशीत ड्रायव्हरची काहीच चूक निघाली नाही, पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली ती उडालीच.

मागच्या भेटीत तो बोलता बोलता म्हणाला होता, "एकदाचे डोळे मिटले की सुटलो."

असं काही कानावर पडलं तर आडवळणाने जायचं नाही, सरळ विचारायचं, हे वर्गात घोटून घेतलेलं. त्यांनी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "वाटतं. अधूनमधून."

पुढचं सगळं रीतसर झालं. काकूंनी त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्याला विचारून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, डॉक्टरांची गाठ घालून दिली. जाताना मात्र त्याने काकूंकडे वळूनही बघितलं नाही. आणि आज तो आलाच नव्हता.

काकू उठून बाहेर काउंटरपाशी गेल्या. कारकून, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, फोन कानाला लावून बसले होते. शेजारी मॅडम उभ्या होत्या.

"त्यांचा फोन बंद लागतोय," आप्पा म्हणाले. "त्यांच्या बायकोचा वाजतोय, पण उचलत नाहीत."

काकू तिथल्याच बाकावर बसल्या. "मॅडम, मी विचारायलाच नको होतं. त्यांच्या मनात नसेलही. मीच त्या गोष्टीचं नाव काढलं."

मॅडम त्यांच्याहून वयाने बऱ्याच लहान होत्या. त्या शेजारी टेकल्या. "विचारल्याने असलं काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही, काकू. आत असेल तर बाहेर येतं, एवढंच."

"हेच पेपरात लिहून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवलेत," काकू म्हणाल्या. "आत्ता पटत नाहीये."

मॅडमनी काकूंचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. मॅडमचाही काही फार उबदार नव्हता.

आप्पांनी पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा तेच. त्यांनी रिसीव्हर ठेवला, तोच फोन खणखणला. आप्पांनी नंबर बघितला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडून बायकोचा आवाज आला. ती कुजबुजत होती. "मॅडम आहेत का? की त्या दुसऱ्या ताई?"

"दोघीही आहोत, बोला," काकू म्हणाल्या.

"ताई, रागावू नका हं. हे झोपलेत."

मॅडम फोनजवळ वाकल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "गोळ्या कुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे, कपाटात. किल्ली कमरेला आहे माझ्या. डॉक्टरांनी सांगितली तेवढी एकच दिली, माझ्या हातानं."

"हाक मारली की हलतात का?"

"हलतात काय! मघाशी माझा पाय लागला तर 'काय कटकट आहे' म्हणाले आणि कूस बदलली."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटून घेतले. काकूंच्या ते लक्षात आलं, आणि आपल्याबरोबर त्याही इतका वेळ घाबरलेल्या होत्या हे त्यांना तेव्हा कळलं.

बायको बोलतच होती. "काल जेवण झाल्यावर त्या सायकलवाल्याचा विषय ह्यांनी आपणहून काढला. इतके दिवस मला एक अक्षर बोलले नव्हते. तो कसा आला, ब्रेक कसा मारला, सगळं सांगितलं. रडले. मीही रडले. मग बोलता बोलता आडवे झाले ते अजून उठले नाहीत. सकाळी इकडे यायचं म्हणून उठवायला गेले, पण ताई, हातच पुढे होईना. ह्यांचा फोन बंद करून टाकला. माझ्याही फोनचा आवाज बंद होता, आत्ता बघितलं." ती थांबली. "उठवू का?"

"नको!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की त्या स्वतःच दचकल्या. मग त्याही कुजबुजायला लागल्या. "नको, नको. झोपू द्या. भेटीचं आपण उद्या बघू."

"ऐकायचंय?" बायकोने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन नेऊन नवऱ्याच्या उशाशी धरला.

आधी नुसती खरखर आली. मग घोरणं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये घातलेल्या बससारखं, संथ, सलग, मध्येच अडखळून पुन्हा लागणारं. काकूंना हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. मॅडमनी पर्समधला रुमाल काढून त्यांना दिला, मग त्यातलंच एक टोक धरून आपलंही नाक पुसलं. फोन ठेवायचं कुणालाच सुचेना.

एवढ्यात तास सुटला. मुलं कलकलाट करत जिन्यावरून खाली आली. आप्पा खुर्चीतून अर्धवट उठले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले,

"हळू बोला रे जरा. माणूस झोपलाय."