आमराईपाशी दमणारी गाडी

खजुरी स्टेशन मागे पडलं तसे बिलट मंडल दह्याचं मडकं छातीशी धरून उठले आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाले.

"काका, पुढचं स्टेशन लांब आहे अजून," दाराजवळ लाखेच्या बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेली फुलकुमारी म्हणाली. "आत्तापासून कुठं निघालात?"

"मला स्टेशनात नाही उतरायचं. आमराईपाशी गाडी दमते ना, तिथं उतरेन."

आसपास हसू फुटलं. आज भरदुतिया, म्हणजे तिकडची भाऊबीज, त्यामुळे गाडी नुसती भावांनी भरली होती. जयनगरहून सीमेपलीकडच्या बहिणींकडे निघालेले भाऊ. डोक्याला तेल चोपडलेलं, अंगात नवे सदरे, हातात मखाण्यांच्या आणि मिठाईच्या पिशव्या.

"दमायची ती जुनी छोटी गाडी!" फुलकुमारी म्हणाली. "ही कशाला दमतेय? हिला काय दमा आहे?"

बिलटनी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. जन्मभर ते याच वाटेनं रामपरीकडे, आपल्या धाकट्या बहिणीकडे गेले होते. जुनी गाडी आधी जंगलातलं लाकूड वाहायची. जंगल संपलं तशी माणसं वाहू लागली. आमराईजवळच्या पुलाच्या चढावर तिला धाप लागायची, तेवढ्यात आरामात खाली पाय टाकायचा. समोर रामपरी थाळी घेऊन उभी. मग एक दिवस ती गाडी बंद झाली. रूळ उखडले, नवे रुंद रूळ पडायला वर्षांमागून वर्षं गेली आणि तोवर बिलटचे गुडघे कामातून गेले. तितकी वर्षं भरदुतियेला रामपरी दिवस मावळेपर्यंत उपाशी वाट बघायची, मग भावाच्या नावानं दाराच्या चौकटीला कुंकू लावून दोन घास खायची. आता तिला मधुमेह जडला होता. काल भाचीनं फोनवर काकुळतीनं सांगितलं होतं, "मामा, यंदा तरी या हो. गोळ्या घेऊन उपाशी बसते. कुणाचं ऐकत नाही."

"तिला सांग, नेहमीच्या जागी उतरतो," बिलट म्हणाले होते. नेहमीची जागा म्हणजे कुठली, हे रामपरीला विचारावं लागलं नव्हतं.

दारातून कार्तिकातलं कोवळं ऊन आत येत होतं. बाहेर पिकलेलं भात, मग एक तळं, मग पुन्हा भात. बिलट दांडीला टेकले. रात्रभर झोप नव्हती, डोळे आपोआप मिटले. नव्या गाडीची सळसळ हळूहळू विरत गेली आणि तिच्या खालून जुनी गाडी ऐकू येऊ लागली, कण्हत, थांबत. माणसं चालत्या गाडीतून उतरत होती, शेतातला ऊस मोडून घेत होती, चार पावलं पळून पुन्हा चढत होती. कुणालाच कसली घाई नव्हती. टपावर बसलेल्या कुणीतरी हाक मारली, "बिलट, आली बघ तुझी आमराई." गुडघे हलके झाले होते. त्यांनी मडकं काखेत घेतलं आणि खाली टाकायला पाय पुढं केला.

"अहो काका!" फुलकुमारीनं मागून सदरा धरून त्यांना आत खेचलं. टोपली उलटली, बांगड्या डबाभर विखुरल्या. "बहिणीच्या सणाला मरायचंय का तुम्हाला?"

बिलट दचकून जागे झाले. गाडी वाऱ्यासारखी पळत होती. पूल समोर होता, आणि पुलाच्या अलीकडे आमराई, आणि आमराईच्या कडेला पिवळ्या साडीत रामपरी. केस पांढरेधोप. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लोटा. गाडी दमणार नाही हे तिलाही सुचलं नव्हतं.

"तीही तिथंच उभी!" फुलकुमारीनं कपाळाला हात लावला.

बिलटनी मडकं तिच्या हातात कोंबलं. बहीण भावाच्या ओंजळीत पानसुपारी ठेवते, वर पाण्याची धार धरते, तेव्हा कुठे तिचा उपास सुटतो. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि दाराबाहेर धरली. फुलकुमारीनं मडकं खाली ठेवून त्यांचा सदरा दोन्ही मुठींनी पकडला. पिवळी साडी जवळ आली, रामपरीचं उघडं तोंड दिसलं, आणि गेली. मग पूल आणि पाणी. ओंजळीत नुसता वारा होता.

तिनं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. बिलट तिथंच खाली बसले. त्यांना रडू आवरेना. बांगड्या गोळा करणाऱ्या एका भावानं मडकं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पुढच्या स्टेशनात सगळे सायकलरिक्षांकडे धावले. बिलट फलाटावर मडकं घेऊन उभे होते. मागं आमराईपर्यंत इतकं अंतर चालायचं कसं, आणि तोवर ती तशीच उपाशी. खिशातला फोन वाजला. भाचीचा नंबर, पण आवाज रामपरीचा.

"भैया," ती म्हणाली. तोंडात घास होता. "तुझ्या ओंजळीवर पाणी सोडलं बरं का मी. इथंच झाडाखाली जेवायला बसलेय. तू आता सावकाश ये."