हरलेल्यांचा स्वयंपाक

"हरलेल्या बायकांनी जिंकलेल्या बायकांना जेवू घालायचं, अशी पैज होती," तेह्वान ओसरीवर उताणा पडून सांगत होता. "तिथून आपला छुसॉक सुरू झाला. इथेच, आपल्या ग्यॉंगजू शहरात."

तो शाळेत इतिहास शिकवायचा. सुगीच्या या सणाला सगळे घरी जमले की त्याला हटकून राजा आठवायचा. राजाने नगरातल्या बायकांचे दोन गट पाडले, महिनाभर कापड विणायची चढाओढ लावली आणि पुनवेला निकाल दिला. गोष्ट सांगता सांगता तो हात लांब करून परातीतला गरम काप उचलायचा.

काप तळत होती त्याची बायको मिग्यॉंग. माशाचे, कोवळ्या भोपळ्याचे, अळंब्यांचे. पिठात घोळवायचे, अंड्यात बुडवायचे, तव्यावर सोडायचे. सकाळपासून तिची मान वर झाली नव्हती. सासू बोक्सून उकडायच्या चाळणीत पाइनची पानं अंथरत होती. धाकटी सून सोल्बी तांदळाच्या उकडीत तिळाचं सारण भरून सोंगप्यॉन वळत होती. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच छुसॉक. उद्या सकाळी हे सगळं पूर्वजांपुढे मांडायचं होतं.

"भाऊजी, एक विचारू?" सोल्बी म्हणाली. "हरलेल्यांनी रांधायचं ना? मग आम्ही कुणाशी हरलो?"

मिग्यॉंगचं उलथणं थांबलं. तव्यावरचा काप करपला. मग बोक्सून हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग तिला पानं बाजूला ठेवून डोळेच पुसावे लागले.

"खरंच की गं! मी कधी कुणाशी झुंजलेच नाही. न लढताच हरले होय मी?" ती कंबरेवर हात ठेवून उठली. "ते काही नाही. आज निकाल लावू. चला, उतरा अंगणात!"

तेह्वानची पाठ नेमकी तेव्हाच दुखायला लागली. पुरुषांकडून उतरला धाकटा इन्हो, सोल्बीचा नवरा. बायकांकडून सोल्बी. दोघांनी कमरेला पट्टे बांधले, एकमेकांचे पट्टे घट्ट धरले, खांद्याला खांदा भिडवला. ज्याचा गुडघा आधी टेकेल, तो हरला.

"जपून हं. लागेल तुला," इन्हो हळूच म्हणाला.

"अय्या, मी शाळेत कुस्तीच्या संघात होते. सांगायचं राहूनच गेलं," सोल्बी म्हणाली आणि तिने त्याला उचलला.

इन्हो वाळत घातलेल्या लाल मिरच्यांत जाऊन पडला. शिंकत शिंकत उठला, पुन्हा भिडला, पुन्हा मिरच्यांत गेला. बोक्सूनने ओरडून निकाल दिला आणि दोन्ही मुलांच्या गळ्यात स्वयंपाकाचे एप्रन अडकवले.

मग तिघी ओसरीवर पाय पसरून बसल्या. मिग्यॉंगने नाशपाती सोलली आणि पहिली फोड स्वतः खाल्ली. आत तेह्वान अंड्यातली टरफलं वेचत होता. इन्होचे सोंगप्यॉन वाफेवर फुटून तीळ सगळीकडे सांडले होते. "आई, तेल किती?" "आई, हे काळं व्हायचं असतं का?" प्रत्येक प्रश्नाला ओसरीवर हशा पिकत होता. मिग्यॉंगला तर उचकीच लागली.

तेवढ्यात फाटकाशी काठी वाजली.

हसणं विरलं. दर सणाच्या आदल्या दिवशी ब्यॉंगदो काका तयारी पाहायला यायचे. बोक्सूनचे ते चुलत दीर, साऱ्या घराण्यात वडील. पूर्वजांच्या ताटात काय चालतं आणि काय नाही, हे तेच ठरवायचे. गेल्या वर्षी त्यांनी मिग्यॉंगची भरलेली परात परत पाठवली होती. "तुमच्या काकूच्या हातचे काप खा एकदा, मग कळेल!" असं सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले होते. मिग्यॉंग न्हाणीघराचं दार लावून रडली होती.

आता ती झटकन उठली आणि स्वयंपाकघराकडे धावणार, तोच बोक्सूनने तिचं मनगट धरलं.

"बस. जिंकलोय आपण."

काका थेट आत गेले. त्यांच्यासोबत आलेल्या काकू दारात उभ्या राहिल्या. एप्रन घातलेले दोघे पुतणे ताठ झाले. तेह्वानच्या कपाळाला पीठ, इन्होच्या नाकावर मिरची. काकांनी परातीतला एक काप उचलला, उलटासुलटा केला, चावला.

"माशाचं पाणी टिपलं होतंस?" त्यांनी तेह्वानला विचारलं.

"नाही, काका."

"आच?"

"मोठी होती."

काकांनी काठी भिंतीला टेकवली. कोट काढून इन्होच्या हातात दिला. बाह्या दुमडल्या, आच बारीक केली, मासा फडक्यात दाबून कोरडा केला. मग मीठ, मग पिठाचा नुसता हात, मग अंडं. जेवायच्या काड्यांच्या टोकांनी त्यांनी काप अलगद उलटला, आणि तो तव्यावर सोन्यासारखा पिवळा, गुळगुळीत दिसू लागला. पुन्हा एक. पुन्हा एक. ते गुणगुणायलासुद्धा लागले होते.

ओसरीवरच्या तिघींनी एकदम काकूंकडे पाहिलं.

काकू येऊन त्यांच्यात बसल्या. चपला काढून त्यांनी पाय लांब केले आणि नाशपातीची फोड उचलली.

"माझ्याकडे काय बघता? बाहेर सांगायची यांना लाज वाटते, म्हणून नाव माझं," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आल्यापासून या माणसाच्या घरात साधं अंडंही फोडलेलं नाही."