शून्याची खातरजमा

स्थिर विजेच्या जोरावर कण पळवणारं अवाढव्य यंत्र, आणि कणांचा झोत मोजणारे त्याचे मीटर बनवणारी ती. नव्या माणसांना तिचं एकच सांगणं असे, "काटा शून्यावर दिसला की लगेच तोंड पाडू नका. आधी मीटरवर संशय घ्या. जिथे प्रवाह नक्की आहे, तिथे लावून बघा."

सातव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र तिच्या पोटावर फिरवलं. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. नुसती खरखर.

"यंत्रच बिघडलं असेल हो," नवरा म्हणाला.

तिने ते डॉक्टरबाईंच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं. ठोके खोलीभर घुमले.


"नाही रे," ती नवऱ्याला म्हणाली, "मीटर चांगला आहे."