भावाची पाठ
मान खाली घालूनच लोसालिनेनं औषधांच्या दुकानात तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचं रिकामं पाकीट पुढे सरकवलं. "वेळेत घेतली हो, तरी पाळी चुकली." वर पाहिलं, तर समोर दुकानातल्या बाई नव्हत्या, तिथेच काम करणारा, पण एरवी शुक्रवारी नसणारा तिचा थोरला भाऊ होता. टोंगा बेटांवरच्या रीतीप्रमाणे वयात आलेल्या बहीणभावांत असल्या गोष्टींचा उच्चारही होत नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाठ फिरवली. फडताळातल्या बाटल्या उगाच सारख्या करत तो खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या म्हातारीला म्हणाला, "आजी, त्या गोळीनं बीज सुटायचं लांबतं, म्हणून पाळीही लांबू शकते. आठवड्याहून जास्त लांबली, तर तपासून घ्यायचं." "मला मेलीला कसली पाळी?" म्हातारी करवादली. मग तिला पाकीट दिसलं, पोरीची झुकलेली मान दिसली. "परत सांग बाळा, जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."